अकरा म्हशी, एक दोरी आणि नाल्यातली जलपर्णी

अबू नखला,
सूक अल-शुयूखच्या खालचा नाला.
रविवार, दुकान बंद केल्यावर.

आदरणीय वबरियाताईस, धाकट्या चासिबचा वाकून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा दुखतो की उजवा हे मला कधीच लक्षात राहत नाही, तेव्हा दोन्हींची चौकशी केली असं समज. भावजींचं घोरणं कमी झालं का? बसऱ्यात वीज किती तास असते, कूलरची मोटर दुरुस्त झाली की अजून त्यात चिमण्याच राहतात, तेही कळव. इथे अल्लाहच्या कृपेने मी ठीक आहे. म्हणजे डाव्या तळहाताला फोड आले आहेत, उजव्याची कातडी सोलली आहे, पाठ वाकते पण परत सरळ होत नाही, आणि उजव्या कानात गेल्या मंगळवारपासून पाणी आहे. पण एकंदरीत ठीक. तू म्हणशील, न्हाव्याच्या हाताला फोड कशाने? तेच सांगायला हे पत्र. मग फोन का नाही केलास, असंही म्हणशील. ताई, फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. आईच्या माघारी तू मला वाढवलंस, तुझा तो हक्कच आहे, माझी मुळीच तक्रार नाही. पण या खेपेला मला पुरतं बोलायचं आहे, आणि मध्येच तू "चासिब, आधी जेवलास का ते सांग" म्हटलंस की माझा धागा तुटतो. (जेवलो आहे. भात आणि मासा.)

तुझं लग्न झालं तेव्हा तू ज्या नाल्यातून होडीत बसून, मोठ्याने रडत आणि बुरख्याआडून खारका खात सासरी गेलीस, तो नाला आता ओळखू येणार नाही. त्यात होडी जाणं राहू दे, बदकसुद्धा पोहत नाही, वरून चालत जातं. सगळी जलपर्णी. इकडे तिला नाईलचं फूल म्हणतात. जांभळं, नाजूक, बघत राहावं असं फूल, आणि पंधरा दिवसांत दुप्पट होतं. कोणा हौशी माणसाने म्हणे घरच्या हौदात शोभेला म्हणून आणलं होतं. तो माणूस कोण हे कळलं असतं तर मी त्याची एकदा फुकट दाढी केली असती, आणि वस्तरा मुद्दाम बोथट घेतला असता. खालचं पाणी काळं पडलं आहे, मासे नदीत पळाले आहेत, आणि जे मागे राहिले त्यांना चिखलाची चव येते. (आज जेवलो तो बाजारचा होता.)

आता यात नेमकं कोणाचं काय अडलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. नाल्याच्या वरच्या टोकाला नशमिया राहते. दगैमांच्या घरची, नदीच्या तोंडाशी राहणाऱ्या मिझहरची बहीण, आपल्या गावात दिलेली. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. मूलबाळ नाही. तेव्हा सगळे म्हणाले, आता ही भावाच्या घरी जाणार आणि त्याच्या सात पोरांची नाकं पुसत जन्म काढणार. ती गेली नाही. तिने नवऱ्याच्या अकरा म्हशी ठेवल्या, रोज सायीची ताटं विकायला लावली, आणि तीन वर्षांत कोणाच्या घरचा एक घास मिंध्यासारखा खाल्ला नाही. पण म्हशीला उन्हाळ्यात डुंबायला पाणी लागतं, आणि तिच्या दारचं पाणी दोन महिन्यांपासून फुलाखाली गाडलेलं आहे. म्हशी काठावर उभ्या राहतात आणि नाल्याकडे असं बघतात की, ताई, बघवत नाही. नासिरियाचा व्यापारी येऊन त्यांचे दात तपासून गेला आणि महिन्याने घ्यायला येतो म्हणाला. तो महिना येत्या शनिवारी भरतो. तोवर नाला नदीपर्यंत मोकळा झाला तर ठीक, नाही तर म्हशी व्यापाऱ्याकडे आणि नशमिया भावाच्या चुलीपाशी. यात माझा काय संबंध? काहीच नाही. मी फक्त गेली तीन वर्षं रोज सकाळी तिच्याकडून वाटीभर साय आणतो, आणि माणसाला सवय लागते. यापलीकडे काही नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

तर झालं असं, की शाळेतला लफ्ता मास्तर दाढीला आला. मास्तर तुला ठाऊक आहे, बोलायला लागला की फळा भरेपर्यंत थांबत नाही. त्याने नाला वाचवायला स्वयंसेवकांचं मंडळ काढलं होतं आणि त्यात तोवर एकच स्वयंसेवक होता, तो स्वतः. मला म्हणाला, "चासिब, तुझ्या खुर्चीत सगळं गाव बसतं. तू मंडळाचा प्रमुख हो. लोक तुला नाही म्हणणार नाहीत." ताई, वस्तरा माझ्या हातात होता आणि गळा त्याचा होता, तरी हो म्हणालो तो मीच. त्याने त्याच वेळी, बोलता बोलता, नशमियाच्या म्हशींचा विषय काढला हा योगायोग. मंडळाची पाटी दुकानात आरशाच्या वर लागली. बगदादच्या कुठल्याशा संस्थेने मास्तरला हातमोज्यांचे चाळीस जोड पाठवले. उघडून बघतो तर ऐंशीच्या ऐंशी डाव्या हाताचे. मास्तर म्हणाला, निदान अर्ध्या हातांचा प्रश्न सुटला. मास्तर गणित शिकवतो.

पहिल्या शुक्रवारी मी गावाला हाक दिली. आपल्याकडे हाक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. कोणाच्या घराला आग लागो, कोणाची भांडणं होवोत, हाक आली की माणूस हातातला घास टाकून धावतो, कशासाठी ते वाटेत विचारतो. दीडशे माणूस आला. त्यातल्या तिघांनी बंदुका आणल्या होत्या, त्या मी दुकानात कात्र्यांच्या खणापाशी ठेवून घेतल्या. आल्या आल्या त्यांनी रिवाजाप्रमाणे गोल धरला, आणि फुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी गाणी म्हणत पाय आपटायला सुरुवात केली. फार रंग भरला. चौथ्या कडव्याला पाय असे आपटले की काठच ढासळला आणि चौदा माणसं मास्तरसकट नाल्यात गेली. त्या दिवशी पाण्यात उतरलेले स्वयंसेवक तेवढेच. त्यांना वर काढेपर्यंत पहिलं फूल उपटण्याचा मान कोणाचा यावर वाद पेटला. थोरल्या भावकीचा, की ज्यांच्या जमिनीला नाला लागतो त्यांचा? हाजी शनावाने (आता ऐंशीचा झाला, पण मिशी अजून काळी करतो, रंग माझ्याकडचाच) तोडगा काढला, की वाद नंतर, आधी सगळ्यांनी त्याच्या बोरूच्या काड्यांनी बांधलेल्या बैठकीत जेवायचं. नाही म्हणायची सोय होती का? हाजीच्या दारात येऊन दीडशे माणसं उपाशी गेली असती तर त्याने आपलं घर विकून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राहणं पसंत केलं असतं. परातीवर पराती आल्या, भाताचे डोंगर, वर मेंढ्या. त्यानंतर कोणाला वाकता येईना. संध्याकाळी मोजलं तेव्हा एकूण सात रोपं उपटली गेली होती, त्यातलं एक हाजीच्या सुनेने लावलेल्या पुदिन्याचं निघालं. मंडळाचा फोटो मात्र छान आला आहे. मी मधोमध आहे, डावा हात पुढे करून.

नशमिया तिच्या दारातून हे सगळं बघत होती. एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

दुसऱ्या शुक्रवारी मी हट्टाला पेटलो. जेवण नाही, गाणी नाही, पहिला मान नाही, सगळे एकदम पाण्यात. आणि ताई, खरोखर काम झालं! मास्तर काठावरून घसा फोडून सांगत होता, की रोपं पाण्याबाहेर काढा, उंचावर टाका, उन्हात वाळू द्या. पण ओलं फूल किती जड असतं हे मास्तरला काय माहीत. तो फळ्यावरचं फूल उचलणारा माणूस. उचलण्यापेक्षा ढकलणं सोपं, आणि नाला आपसूक नदीकडे वाहतो, म्हणून आम्ही बांबूंनी सगळं खाली ढकलत गेलो. दुपारपर्यंत नशमियाच्या दारासमोर पाणी दिसायला लागलं. खरं पाणी! सगळ्यात म्हातारी म्हैस आत उतरली आणि नाकपुड्यांपर्यंत बुडून तिने असा सुस्कारा सोडला, की मला, एका न्हाव्याला, भर पाण्यात रडू आलं. (कानात पाणी गेलं ते तेव्हा नाही, ते पुढे.) नशमियाने मला पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, "बरं झालं." दोन शब्द. मी घरी जाऊन ते दोन शब्द बराच वेळ मनात घोळवत बसलो.

पण नाल्याच्या खालच्या तोंडाला तिचा भाऊ राहतो हे आम्ही विसरलो. म्हणजे विसरलो नाही, त्या बाजूला विचार गेला नाही. मिझहर सकाळी उठून बघतो तर आपल्या गावची सगळी जलपर्णी त्याच्या जाळ्यांवर, त्याच्या पंपावर आणि त्याच्या हातपाय धुण्याच्या पायऱ्यांवर. आपल्या हद्दीतलं फूल न विचारता त्यांच्या हद्दीत गेलं म्हणजे काय, हे तू समजू शकतेस. इथे कोंबडी हद्द ओलांडून गेली तरी दोन्हीकडची पोक्त माणसं बसतात. मिझहरने आरडाओरडा केला नाही. त्याने डब्यांचे तरंगे बांधलेली मनगटाएवढी जाड दोरी नाल्यावर आडवी ताणली. पाण्याला वाट, फुलाला नाही. वर आणखी दक्षिणेचा वारा सुटला. चार दिवसांत ढकललेलं सगळं दोरीला अडून, वर सरकत सरकत, पहिल्यापेक्षा दाट होऊन नशमियाच्या दाराशी परत आलं. म्हातारी म्हैस आत होती, तिला चार जणांनी दोर लावून बाहेर ओढली. त्या संध्याकाळी मी साय आणायला गेलो नाही. (सकाळी आणली होती, तरी पुन्हा जायचा विचार होता.)

आता उपाय एकच होता. मिझहरकडे रीतसर मंडळी घेऊन जायचं, चुकलं म्हणायचं, आणि दोरी सोडायची विनंती करायची. मास्तरने सांगितलं, माणूस चिडलेला आहे, तेव्हा मिठाईचं ताट न्यायचं. हाजी म्हणाला, मंडळी वजनदार हवी, म्हणून त्या दोघांखेरीज आसपासचे तीन पांढऱ्या दाढीचे लोक घेतले. मी प्रमुख. प्रमुखाने मळक्या कपड्यात जाऊ नये म्हणून मी नवा अंगरखा घातला, दाढी स्वतःच्या हाताने दोनदा केली, मिशीची टोकं सारखी केली आणि थोडं गुलाबपाणी लावलं. आता हे सगळं एका कागदावर लिहिताना मला स्पष्ट दिसतं आहे, की आमचं काय चुकलं. नऊ वर्षांपासून विधुर असलेला माणूस, गुळगुळीत दाढी, गुलाबपाणी, मिठाईचं ताट, आणि सोबत पाच पोक्त माणसं. पण त्या दिवशी आमच्या सहांच्या सहा डोक्यांत दोरीशिवाय काही नव्हतं. (पाच. माझ्याबद्दल मी शपथ घेत नाही.)

मिझहरच्या बैठकीत तीसेक माणसं होती. आम्हाला वरच्या अंगाला बसवलं, कडू कॉफी फिरली. हाजीने मला कोपर मारलं. मी पेला ओठाला न लावता समोर ठेवला. रीतच आहे, मागायला आलेल्या माणसाने पेला खाली ठेवायचा आणि यजमानाने "मागणं मान्य, पी" म्हटल्याशिवाय प्यायचा नाही. हाजीने घसा साफ केला. ताई, हाजी कधीच सरळ मुद्द्यावर येत नाही. त्याने आधी अल्लाहची स्तुती केली, मग दोन्ही घराण्यांच्या आजोबांची, मग त्यांच्या घोड्यांची. घोड्यांवरून तो माझ्यावर आला. मी किती सज्जन, कसा एकटा राहतो, माझ्या हाताला कशी शिस्त आहे. हे दोरीच्या प्रस्तावनेत कशाला, असं माझ्या मनात येतं न येतं तोच मिझहर उठला आणि म्हणाला, "हाजी, पुरे. तुमचा घोडा दमला असेल. चासिब कशासाठी आलाय ते वरपासून खालपर्यंत सगळ्या नाल्याला ठाऊक आहे, आम्ही तीन वर्षं वाटच बघत होतो. चासिब, माझी बहीण नशमिया मी तुला दिली. पी तुझी कॉफी!"

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? पेला तसाच ठेवला असता तर तीस माणसांदेखत तिला नाकारलं असं झालं असतं. नाही, मी दोरी मागायला आलो होतो, असं म्हणालो असतो तर ते त्याहून वाईट. हाजीने माझ्याकडे पाहिलं, मास्तरने छताकडे पाहिलं. मी प्यालो. आणि ताई, तुझ्यापाशी लपवून काय करू, इतकी कडू कॉफी मला आयुष्यात इतकी गोड लागलेली नाही. आतून बायकांच्या आनंदाच्या आरोळ्या आल्या, मिठाईचं ताट तिथल्या तिथे रिकामं झालं, मिझहरने मला छातीशी धरून माझी मिशी विसकटली. परत येताना नाल्याकाठी आम्ही सहाही जण एकामागे एक चाललो होतो. मग मास्तर हळूच म्हणाला, "दोरीचं राहिलं." परत जाणं शक्य नव्हतं. एका कॉफीवर दोन गोष्टी मागणारा माणूस अजून आपल्या मुलखात जन्माला आलेला नाही.

बातमी आमच्या आधी पोहोचली. मी दुकानाचं कुलूप काढत होतो तर मागे नशमिया. हातात विळा. (चारा कापायचा होता, पण ते मला नंतर सुचलं.) मी तिला बस म्हणालो, तर ती खुर्चीत बसली, गिऱ्हाइकाच्या, आणि आरशातून माझ्याकडे बघत बोलली. ताई, आजवर त्या आरशातून माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही.

"माझ्या भावाकडे काय मागायला गेला होतास?"

"दोरी," मी म्हणालो.

"आणि मी मिळाले."

"हो."

"तीन वर्षं मी कोणाच्या दारात गेले नाही. तीन वर्षं अकरा म्हशी एकटीने धुते. आणि माझा भाऊ मला एका पेल्यावर देतो, आणि तू पितोस. मला कोणी विचारलं?"

मी म्हणालो, मी तर फक्त सायीसाठी... आणि तिथेच माझं चुकलं. "सायीसाठी?" ती म्हणाली. "डॉक्टरने तुझी साय बंद केली त्याला चार वर्षं झाली. मास्तरच्या बायकोने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुझं मांजर इतकं तुकतुकीत झालंय की भिंतीवरून घसरतं. मी काय आंधळी आहे?" मग ती उठली. दारात थांबून, या वेळी आरशातून नाही, सरळ बघून म्हणाली, "भावाने दिलं ते भावाने दिलं. मी काही दिलेलं नाही. नाला माझ्या दारापासून नदीपर्यंत मोकळा कर. तुझी थोरली बहीण रस्त्याने नाही, पाण्याने माझ्या दारी येऊ दे, आणि तिने मला विचारू दे. मग बघू. नाही तर महिना भरेल त्या शनिवारी म्हशी जातील आणि मीही जाईन. भावाकडेच जाईन, पण तुझ्याकडे नाही." आणि जाता जाता, "दोरीची काळजी करू नकोस. ती मी येताना कापली."

तर ताई, हातांना फोड आले ते यामुळे. त्या दिवसापासून काम खरं सुरू झालं, आणि ते आम्ही पुरुषांनी सुरू केलं असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नशमिया होडी घेऊन उतरली, तिच्या मागून मास्तरची बायको, हाजीची सून (पुदिन्याचा राग मनात धरून), आणि आणखी वीसेक बायका. ह्या जन्मभर पाण्यातला चारा कापत आलेल्या बायका. आम्ही मधून ओढत होतो, त्यांनी कडेने विळ्यांनी चौकोन कापले, सतरंजीसारखे. एका चौकोनाला दोन दोर, दोराला म्हैस, आणि चौकोन आपोआप काठावर. तिथून आम्ही पुरुषांनी तो उचलून उंचावर पसरायचा, म्हणजे वाळला की भाकरीच्या भट्टीला जळण. कडेला मुळाचा एक तुकडा राहिला तरी नशमिया होडी मागे फिरवते, आणि तो कोणी सोडला हे नाव घेऊन सांगते. माझं नाव रोज निघतं. कानात पाणी गेलं ते अशाच एका तुकड्यामागे बुडी मारताना. दुकान मी दुपारीच बंद करतो. गावात सगळे दाढी वाढवून फिरतात, आणि माझ्या तोंडावर सांगतात की नाला मोकळा होईपर्यंत अशीच ठेवणार. हाजीची मिशी मुळाशी पांढरी दिसायला लागली आहे, आणि त्याने ती तशी राहू दिली आहे. एवढा त्याग या गावाने माझ्यासाठी कधी केला नव्हता. मिझहरसुद्धा काल चार माणसं घेऊन खालून आला. दोरी कोणी कापली हे त्याने विचारलं नाही, बहिणीकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने पाण्यात उतरला.

हे पत्र उद्या सायीच्या गाडीने बसऱ्याला येईल. गाडी पहाटे नशमियाच्या दारातून निघते, त्यामुळे पाकीट तिच्याकडे ठेवावं लागतं, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यातली नाही. भावजींना माझा सलाम, भाच्यांना गालगुच्चा, कूलरमधल्या चिमण्यांना दाणा. तुझ्या दोन्ही गुडघ्यांसाठी दुआ करणारा,

तुझा धाकटा,
चासिब

ता. क. एवढं लांबलचक लिहून मी खरं काम लिहिलंच नाही. गुरुवारी ये. सूकपर्यंत गाडीने, पुढे होडीने. सोबत भावजींची बहीण आणि आणखी एखादी वजनदार बाई आण. नशमियाच्या दारी पाण्याने यायचं आणि तिला विचारायचं. तुला विचारता येईल का, हे मी विचारत नाही, कारण तू मला आयुष्यभर विचारतच आली आहेस.

ता. क. २. वरचं वाचून लगेच गुरुवारची तयारी करू नकोस. नाल्याच्या दीड हजार पावलांतली चाळीस अजून बाकी आहेत, अगदी नदीच्या तोंडाशी, जिथे सगळ्यात दाट आहे. तेव्हा बुधवारीच ये आणि जुने कपडे घालून ये. विचारण्याआधी थोडं उपटावं लागेल. गुडघे पाण्यात हलके होतात असं मास्तर म्हणतो.

ता. क. ३. हे फक्त तुझ्यासाठी. ती नाही म्हणाली तर वाद घालू नकोस. ती नाही म्हणाली तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, ताई, मला ठाऊक आहे चालणार नाही. पण म्हशी राहिल्या तर ती राहील, आणि सकाळी नाल्यावरून म्हशींना हाका मारतानाचा तिचा आवाज दुकानापर्यंत येत राहील. ती भावाच्या चुलीपाशी बसलेली मला बघवणार नाही. माझं काही होवो, शनिवारच्या आत नाला मोकळा व्हायला हवा. वाचून झालं की हे फाडून टाक.

(पुढचं अक्षर वेगळं आहे, ते माझं.)

वबरियाताईंना नशमियाचा सलाम. मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. पण पाकीट दाढीच्या साबणाने चिकटवलं होतं, आणि मी ते चुलीपाशी ठेवलं, तर वाफेने आपलं आपण उघडलं. उघडलेलं पत्र तसंच धाडणं बरं दिसत नाही म्हणून चार ओळी लिहिते. तो लिहितो तसंच झालं सगळं, फक्त विळा चाऱ्यासाठी नव्हता. पावलं चाळीस नाहीत, वीस आहेत. संध्याकाळी दमला की त्याची पावलं लहान पडतात, म्हणून हिशेब चुकतो. तुम्ही बुधवारी या. होडी मी स्वतः घेऊन सूकच्या घाटावर थांबेन. विचारायचं ते वाटेत पाण्यावरच विचारा, दारापर्यंत थांबायची गरज नाही.

आणि म्हशींचा व्यापारी शनिवारी यायचा होता, तो गेल्या गुरुवारीच येऊन गेला. मी त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. हे मी चासिबला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, अजून वीस पावलं राहिली आहेत.